जेल हळू सुटतं म्हणजे औषध सौम्य असतं असं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत तुम्ही दुखण्यावरच्या नव्या जेलबद्दल अर्धं पान छापलंत. ऑपरेशनच्या जखमेत हे जेल सोडलं की तीन दिवस दुखणं नाही, गोळ्या नकोत, इंजेक्शन नको, आणि औषध हळूहळू सुटत असल्यामुळे साइड इफेक्टही नाहीत असा एकूण सूर होता. सोमवारी सकाळपासून लोक कात्रण घेऊन दुकानात. मी लालबागला केमिस्टचं दुकान चालवतो, रजिस्टर्ड फार्मासिस्ट आहे, आणि परळच्या सगळ्या मोठ्या हॉस्पिटलांतून सुटलेला पेशंट घरी जाताना कुठेतरी आमच्याच रस्त्यावरून जातो, त्यामुळे डॉक्टरला विचारायचं राहून गेलेलं सगळं आमच्या काउंटरवर विचारलं जातं. एका काकांनी तर मोबाइलवर तुमच्या पानाचा फोटो दाखवून "हे द्या, गुडघ्याला लावायचंय" असं सांगितलं. त्यांना जे समजावलं तेच जरा सविस्तर लिहून पाठवतोय.

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या लेखात तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबल्यात. दुकानात मिळणारी कंबरदुखीची ट्यूब, सर्जन जखमेत सोडतो ते जेल आणि कॅन्सरच्या पेशंटला लावतात तो पॅच. तिघांचं काम वेगळं, ताकद वेगळी आणि धोका तर फारच वेगळा.

ट्यूबचं आधी उरकून घेतो. व्होलिनी, व्होवेरान वगैरे जे आपण सर्रास "दुखण्याचं जेल" म्हणून मागतो त्यात बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक हे सूज आणि दुखणं कमी करणारं औषध असतं, सोबत मेंथॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट, गार-गरम वाटतं ते या दोघांमुळे. हे काही दिवसेंदिवस सुटत राहणारं औषध नाही, दिवसातून तीन-चार वेळा लावावं लागतं. चांगली गोष्ट अशी की गोळी घेतल्यावर जेवढं डायक्लोफेनॅक रक्तात जातं त्याच्या साधारण 6 टक्केच जेलमधून जातं, म्हणून ज्यांचं पोट किंवा किडनी नाजूक आहे त्यांना गोळीपेक्षा हे बरं. पण गंमत बघा, अमेरिकेत 1 टक्क्याच्या डायक्लोफेनॅक जेलच्या पाकिटावर गुडघ्यासाठी एका वेळी 4 ग्रॅम, दिवसातून 4 वेळा असं लिहिलेलं असतं, म्हणजे दोन्ही गुडघ्यांना लावायचं तर आपली 30 ग्रॅमची ट्यूब एका दिवसात संपणार, आणि आमची गिऱ्हाईकं तीच ट्यूब महिनाभर पुरवतात आणि वर "काही फरक पडत नाही हो" म्हणतात. फरक कसा पडणार. उलट काही जण जेल लावून वर गरम पाण्याची पिशवी ठेवून शेक घेतात, ते तेवढं करू नका, कातडी भाजल्यासारखी होते आणि औषधही जास्त आत जातं.

आता हळू सुटणं म्हणजे नेमकं काय. फालुद्यातला सब्जा सगळ्यांनी बघितलाय, सुक्या बियांवर पाणी पडलं की भोवती बुळबुळीत पारदर्शक थर फुगतो. हायड्रोजेल म्हणजे तेच, लांब लांब साखळ्यांची जाळी आणि त्या जाळीत धरून ठेवलेलं पाणी. प्राग शहरात ओटो विखटर्ले आणि द्राहोस्लाव लिम या दोघांनी 1960 मध्ये असं जेल माणसाच्या अंगात वापरता येईल असा पेपर 'नेचर'मध्ये छापला, त्यातूनच पुढे सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स आल्या. त्याच जाळीत औषध ठेवलं की ते वाट काढत काढत बाहेर येतं, किंवा जाळीच हळूहळू विरघळते आणि औषध मोकळं होतं.

ऐकायला सोपं, करायला महाकठीण, आणि ही अडचण तुमच्या लेखात कुठेच नव्हती. जखमेजवळचा भाग बधिर करणारी औषधं, लिडोकेन, बुपिव्हाकेन वगैरे, यांचे रेणू छोटे, आणि जेलच्या जाळीची भोकं त्यांच्या मानाने मोठी. मग औषध पहिल्या काही तासांतच धबाधब बाहेर पडतं आणि तिसऱ्या दिवशी जेल शिल्लक पण औषध नाही. 1961 मध्ये ताकेरू हिगुची यांनी मलमातून औषध बाहेर पडण्याचं गणित मांडलं होतं, त्याचा अर्थ असा की पहिल्या तासात जेवढं निघालं त्याच्या दुप्पट निघायला एकूण चार तास लागतात, म्हणजे वेग आपोआप मंदावत जातो. सुरुवातीला गरजेपेक्षा जास्त, शेवटी गरजेपेक्षा कमी. दुखणं काही हिगुचींचं गणित बघून कमी होत नाही, दुसऱ्या रात्री पेशंट कळवळतोच. त्यामुळे गेली कित्येक वर्षं जगभरातल्या लॅबमध्ये डोकं लावलं जातंय ते याच एका गोष्टीवर, सुरुवातीचा हा लोंढा थांबवायचा कसा. कुणी औषध आधी चरबीच्या बारीक फुग्यांत भरतं, कुणी जाळी घट्ट विणतं, कुणी पाणी टाळणारं पॉलिमरच, म्हणजे पाणी न धरणाऱ्या लांब साखळ्यांचा पदार्थच वापरतं.

यातली काही सामग्री खरोखर मजेशीर आहे. पोलोक्झामर 407 म्हणून एक पदार्थ आहे, योग्य प्रमाणात पाण्यात मिसळला की फ्रिजमध्ये पाण्यासारखा पातळ राहतो आणि अंगाच्या उबेने घट्ट होतो, म्हणजे सुईतून आत सोडायला सोपा आणि आत गेल्यावर जागच्या जागी बसणारा. फक्त तो अंगात फार टिकत नाही, लवकर विरघळून जातो. दुसरं कायटोसान, ते कोळंबी आणि खेकड्याच्या कवचांपासून बनतं, त्यात ग्लिसरोफॉस्फेट मिसळलं की तेही अंगाच्या तापमानाला घट्ट होतं, हे 2000 साली दाखवलं गेलं. ससून डॉकला कोळंबी सोलल्यावर कवचांचे जे ढीग पडतात आणि ज्यांच्या वासाने आपण नाकाला रुमाल लावतो, त्यातून असं काही बनू शकतं हे माझ्या कोळी शेजारणीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग आमचं दुखणं आधी थांबवा, दिवसभर वाकून सोलून कंबर गेली." आणि 2018 मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी असं जेल बनवलं की सांध्याला सूज आली की सुजेतलेच एन्झाइम, म्हणजे शरीरातली पदार्थ तोडणारी रसायनं, ते जेल तोडतात आणि मगच आतलं औषध सुटतं, सूज नाही तर औषध नाही. कल्पना भारी आहे, पण तो प्रयोग उंदरांवरचा होता, आणि तुमच्या लेखात ज्या पद्धतीने लिहिलंय त्यावरून वाटतं की पुढच्या आठवड्यात दादरला मिळायला लागेल.

जखमेत सोडायची औषधं मात्र बाजारात आलीत हे खरं, अमेरिकेच्या. साध्या बुपिव्हाकेनचा परिणाम काही तासच टिकतो, ऑपरेशननंतरच्या पहिल्या रात्रीच उतरतो, म्हणून लिपोसोममधलं, म्हणजे त्या चरबीच्या फुग्यांतलं बुपिव्हाकेन 2011 मध्ये मंजूर झालं, 2020 मध्ये हर्नियाच्या ऑपरेशनसाठी कोलॅजनचा तुकडा आला, 2021 मध्ये आणखी दोन. त्यातलं एक घट्ट चिकट द्रव आहे, सर्जन सुई न लावता सरळ जखमेच्या आत पसरवतो, आणि त्यात बुपिव्हाकेनसोबत मेलॉक्सिकॅम घातलंय. हे का, तर सुजलेल्या जागी आम्लता वाढते आणि आम्लतेत बधिर करणारं औषध नसेमध्ये नीट शिरत नाही, मेलॉक्सिकॅम सूज कमी करतं म्हणजे दुसऱ्याला काम करायला जागा मिळते. 72 तासांपर्यंत परिणाम असं त्यावर लिहिलेलं आहे. डोकं लावलंय यात शंका नाही.

पण कशाच्या तुलनेत चांगलं, हे तुम्ही विचारलंच नाहीत. लिपोसोमवाल्या औषधाचंच घ्या. 2021 मध्ये 'अॅनेस्थेसिऑलॉजी' या जर्नलने नर्व्ह ब्लॉकसाठीचे, म्हणजे नसेजवळ इंजेक्शन देऊन तो भाग बधिर करतात त्याचे, अभ्यास एकत्र तपासले तर साध्या, स्वस्त बुपिव्हाकेनच्या तुलनेत पेशंटला जाणवेल इतका फरक काही निघाला नाही. यावर कंपनीने काय केलं असेल, तर जर्नलवरच केस ठोकली, बदनामी झाली म्हणून. 2022 मध्ये कोर्टाने ती फेटाळली, पुढच्या वर्षी अपीलही फेटाळलं. म्हणजे बघा, इतका पैसा ज्याच्या मागे आहे त्या औषधाची बातमी देताना पेपरवाल्यांनी चार प्रश्न जास्त विचारायला नकोत का? किती जणांवर, कुठल्या ऑपरेशनला, साध्या औषधाशी तुलना केली की नुसत्या सलाइनशी, आणि किंमत किती. सलाइनपेक्षा चांगलं असणं ही काही कौतुकाची गोष्ट नाही.

असो. आता ज्यासाठी मुळात लिहायला बसलो ते. तुमच्या लेखात शेवटी एका ओळीत पॅचचा उल्लेख आहे, की हळू सुटणाऱ्या औषधाचंच हे एक रूप असून ते "सुरक्षित आणि सोपं" आहे. सोपं आहे. सुरक्षित आहे ते नीट वापरलं तरच, आणि नीट म्हणजे काय हे कुणी सांगत नाही.

फेंटानिल हे मॉर्फिनच्या जातीचं दुखणं थांबवणारं औषध, त्याचा पॅच कॅन्सरच्या तीव्र दुखण्यासाठी असतो. 1990 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेला जो मूळ पॅच होता तो म्हणजे चक्क जेलची पातळ पिशवी होती, आत स्पिरिट आणि सेल्युलोजच्या जेलमध्ये औषध, खाली वेग ठरवणारा पडदा, आणि मग चिकट थर. आता बहुतेक पॅचमध्ये औषध चिकट थरातच मुरवलेलं असतं. दोन्हीत तत्त्व तेच, 72 तास थोडं थोडं औषध कातडीतून आत. फेंटानिल मॉर्फिनपेक्षा 50 ते 100 पट ताकदीचं धरतात. आणि पॅचवर लिहिलेलं असतं काय, 25. तो आकडा तासाला 25 मायक्रोग्रॅमचा, पण घरातले लोक म्हणतात क्रोसिन 500 ची असते आणि हा तर 25 चा, म्हणजे हलकाच असेल. मी हे वाक्य काउंटरवर स्वतःच्या कानांनी ऐकलंय, आणि ते बोलणारी मुलगी चांगली शिकलेली होती.

हा पॅच आमच्याकडे मिळत नाही, तो हॉस्पिटलच्या फार्मसीतूनच मिळतो, पण शंका विचारायला लोक जवळच्या दुकानातच येतात. एक ताई आल्या, सासऱ्यांना पॅच लावून आठ तास झाले तरी दुखणं तसंच, तर दुसरा लावू का म्हणून. मी म्हटलं, "ताई, अजिबात नको, आधी डॉक्टरांना फोन लावा." कारण हळू सुटणारं औषध सुरूही हळू होतं. पहिला पॅच लावल्यावर नीट परिणाम जाणवायलाच 12 ते 24 तास जातात, तोपर्यंत दुखण्यासाठी डॉक्टर वेगळं औषध देतात, ते घ्यायचं असतं. घाईघाईने दुसरा लावला तर दुसऱ्या दिवशी दोन्ही एकदम चढतात. आणि काढला तरी काम लगेच थांबत नाही, कातडीत साठलेलं औषध रक्तात येतच राहतं, ते अर्ध्यावर यायला जवळपास अख्खा दिवस जातो. गोळीचं कसं, पुढची घेतली नाही की काही तासांत उतरते, विषय संपला. पॅचचं तसं नाही. पेशंट जास्त झोपाळला, हाक मारून उठत नाही, श्वास मंद झालाय, डोळ्याच्या बाहुल्या अगदी टाचणीएवढ्या झाल्यात, असं काही दिसलं तर पॅच काढून तडक हॉस्पिटल, सकाळ व्हायची वाट बघायची नाही.

दुसरा प्रश्न कापण्याचा. पॅच महाग, म्हणून लोक विचारतात अर्धा कापून लावला तर दुप्पट दिवस पुरेल का. पिशवीवाला कापला तर आतलं सगळं जेल एकदम अंगावर येणार, आणि चिकट थरवाला कापला तर डोस किती जातोय त्याचा हिशोब राहत नाही. कापायचा नाही म्हणजे नाहीच.

तिसरं म्हणजे उष्णता, आणि मुंबईत हे सगळ्यात जास्त लागू. कातडी गरम झाली की पॅचमधून औषध जास्त वेगाने आत जातं. अंगात 40 अंश ताप असेल तर रक्तातलं औषध साधारण एक तृतीयांशाने वाढू शकतं. आपल्याकडे दुखतंय म्हटलं की शेक द्यायचा हे रक्तातच आहे, आजी पहिल्यांदा गरम पाण्याची पिशवीच शोधते, आणि ती नेमकी पॅचवर ठेवली जाते. त्यात मे महिना, चाळीतली पत्र्याखालची खोली, लाइट गेलेली, ताप आलेला म्हातारा माणूस. शिवाय घामाने पॅच सुटतो, मग घरातलं कुणीतरी वर बाम चोळून परत दाबून बसवतं. बाम नको, तेल नको, साबणही नको, जागा नुसत्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करायची, केस असतील तर कात्रीने कापायचे, वस्तरा फिरवायचा नाही, आणि प्रत्येक वेळी नवीन जागा.

आणि आता फेकण्याचं. तीन दिवसांनी काढलेला पॅच रिकामा दिसतो पण रिकामा नसतो, त्यात बरंच औषध शिल्लक असतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2012 मध्ये 15 वर्षांतल्या 26 घटना सांगितल्या होत्या ज्यात लहान मुलांच्या हाती फेंटानिलचा पॅच लागला, कुणी चिकटवला, कुणी तोंडात घातला, त्यातली 10 मुलं गेली. बहुतेक दोन वर्षांची किंवा त्याहून लहान. आपल्याकडे एका खोलीत आजोबा आणि नातू एकाच गादीवर झोपतात, पॅच सुटून पोराच्या पाठीला चिकटला तर कळणार कुणाला. काढलेला पॅच चिकट बाजू आत करून दुमडायचा, मग टाकायचा. कुठे, तर ओल्या कचऱ्यात की सुक्या कचऱ्यात यावर आमच्या सोसायटीत वाद घालून उपयोग नाही, केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेने 2025 मध्ये जी मार्गदर्शक सूचना काढली त्यात 17 औषधं अशी दिलीत जी कचऱ्यात न टाकता संडासात फ्लश करावीत, आणि फेंटानिल त्यात आहे. एरवी कुणी औषध गटारात सोडू नका म्हणून मीच सगळ्यांना ओरडतो, बाहेर पडलेल्या औषधाने प्राण्यांवर काय होतं ते डायक्लोफेनॅकने दाखवून दिलंय, जनावरांना दिलेलं ते औषध त्यांच्या मढ्यांतून गिधाडांच्या पोटात गेलं आणि गिधाडं संपत आली, 2006 मध्ये जनावरांसाठी बंदी आली तेव्हा मलबार हिलच्या डुंगरवाडीवरचं, म्हणजे पारशी लोक मृतदेह गिधाडांसाठी ठेवतात त्या जागेवरचं आभाळ आधीच रिकामं झालं होतं. पण पॅचच्या बाबतीत घरातलं पोर वाचवणं आधी.

हे सगळं वाचून कुणी घाबरून आजारी माणसाचा पॅच काढून ठेवू नये, तर ते दुसरं टोक होईल. आपल्याकडे उलट रडगाणं हेच आहे की कॅन्सरच्या पेशंटला पुरेसं मॉर्फिन मिळतच नाही. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यानंतर परवान्यांची इतकी कटकट झाली की कितीतरी ठिकाणी ते ठेवणंच बंद झालं, 2014 मध्ये कायदा बदलून ते सोपं केलं तरी मनातली भीती गेलेली नाही, डॉक्टरांच्याही आणि घरच्यांच्याही. बांद्र्याचं शांती अवेदना सदन, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटची शेवटपर्यंत काळजी घेणारी जागा, 1986 पासून हेच काम करतंय, शेवटच्या दिवसांत माणूस कळवळत जाऊ नये एवढंच. डॉक्टरांनी पॅच दिला असेल तर तो लावा, बिनधास्त लावा, फक्त समजून लावा. आणि ज्याला आधी मॉर्फिनसारखी औषधं सुरू नव्हती त्याला शेजाऱ्याचा उरलेला पॅच "कंबर दुखतेय ना, हा लाव" म्हणून देऊ नका. हेही होतं. आपल्याकडे उरलेलं औषध फेकायला जिवावर येतं.

आता मागणं. पाकिटातलं माहितीपत्रक इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, घडी उलगडली तर गादीभर होतं. ज्या घरात ते जातं तिथे पेशंटची देखभाल करणारी व्यक्ती बहुतेक वेळा बायको किंवा सून असते आणि तिला मराठी किंवा हिंदी वाचता येतं. हॉस्पिटलांनी पॅच देताना मराठीत एक कागद द्यावा, मोठ्या अक्षरात, किती वाजता लावला आणि किती वाजता बदलायचा ते लिहायला रकाने असलेला, एवढं अशक्य नाही. आमची केमिस्ट मंडळीही यात मागे आहेत, बिल फाडलं की काम संपलं असं वागतो आम्ही, डिग्री भिंतीला टांगलेली असते ती काय शोभेला.

आणि तुमच्याकडून एवढंच हवंय की ज्या पानावर ते अर्धं पान छापलंत त्याच पानावर, त्याच आकारात, पॅच कसा लावायचा, काय करायचं नाही आणि काढल्यावर कुठे टाकायचा याची चौकट छापा, आतल्या पानावर कोपऱ्यात नको. मजकूर कुणाकडूनही लिहून घ्या, पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे आजार बरा होत नसला तरी दुखणं सुसह्य करणाऱ्या, डॉक्टरांकडून घेतलात तर उत्तम, छापायच्या आधी वाचून द्यायला मी तयार आहे, पैसे नकोत. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं, त्या वेळात पाठवलंत तर त्याच दिवशी बघून देईन.

आपला,
एक फार्मासिस्ट वाचक, लालबाग, मुंबई